समुद्रावरचा थर्मास

बडोद्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सागरी अभियंता असून गेली चार वर्षे तो सुट्या मालाच्या बोटींवर काम करीत होता. आता त्याची नेमणूक द्रवरूप वायू वाहून नेणाऱ्या जहाजावर व्हावयाची आहे. ‘शेजारपाजारचे म्हणतात, हे म्हणजे सुरुंगावर बसून प्रवास करण्यासारखे आहे. घरातल्या शेगडीची नळी मी निजण्यापूर्वी दोनदा तपासते. मग एवढ्या मोठ्या टाकीपाशी हा रात्र कशी काढणार? तेथे नेमके काय चालते, ते एकदा नीट सांगाल काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

या सदरात आपण घरातल्या वस्तूंचे मूळ शोधीत नेहमी कोठे ना कोठे जातोच. कधी मिठागरात गेलो, कधी कागदाच्या गिरणीत. या खेपेस समुद्रावर जाऊ. भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटपर्यंत राखून ठेवणार नाही. परंतु ते मध्येच कोठेतरी येईल, कारण आधी या जहाजाची ओळख झाल्यावाचून ते पटावयाचे नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात तांबड्या नळकांड्यातून येतो तो वायू वेगळा आणि शहरांतून जमिनीखालच्या नळांनी येतो तो वेगळा. नळकांड्यातला वायू मुख्यत्वे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. त्याला द्रवरूप करणे फारसे कठीण नाही. थोडा दाब दिला की तो नेहमीच्या तापमानालाही द्रव होऊन बसतो, आणि प्रोपेन तर उणे ४२ अंशांपर्यंत थंड केला की दाबाशिवायही द्रव राहतो. नळांतून येतो तो नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेन. याचा स्वभाव हट्टी आहे. साध्या तापमानाला कितीही दाबा, तो द्रव होत नाही. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावे तेव्हा कोठे तो पाण्यासारखा वर्णहीन द्रव होतो. मात्र त्या वेळी त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. सहाशे खोल्या भरून असलेला वायू एका खोलीत मावतो, आणि मग तो जहाजावर चढविणे परवडते. दोन्ही वायूंची जहाजे असतात. पण ज्याला एलएनजी म्हणतात त्या दुसऱ्या प्रकारच्या जहाजाची कथा अधिक विलक्षण असल्यामुळे आज तिच्याकडे वळू.

पुष्कळांची अशी समजूत असते की या जहाजावर मोठमोठी शीतयंत्रे असून ती अहोरात्र चालत असतात. जुन्या घडणीच्या जहाजांवर तसे काही नसते. माल चढतो तोच थंड, आणि पुढे त्याला थंड ठेवण्याचे काम तो स्वतःच करतो. आपल्या घरातला मातीचा माठ आठवा. माठाच्या अंगातून थोडेसे पाणी झिरपते, वाऱ्याने ते उडून जाते आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. या जहाजाच्या टाकीतही हेच घडते. बाहेरून कितीही बंदोबस्त केला तरी थोडी ऊब आत शिरतेच. तिच्यामुळे थोडा द्रव उकळून वाफ होतो आणि बाकीचा त्याच तापमानाला स्थिर राहतो. फरक एवढाच की माठातून उडालेले पाणी आपल्याला नको असते. येथे उडालेली वाफ म्हणजे वायूच, आणि ती मोकळी सोडून चालत नाही. तिचे काय करतात ते पुढे येईलच.

या ठिकाणी मागच्या इतिहासातील एक दुःखद प्रसंग सांगणे भाग आहे, कारण जहाजाची सारी रचना त्याच्या पायावर उभी आहे. २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात द्रवरूप वायू साठविण्याची जमिनीवरची एक टाकी फुटली. तिच्या पोलादात साडेतीन टक्के निकेल होते. ते एवढ्या थंडीत पुरेसे ठरले नाही. थंड द्रव रस्त्यांवरून आणि गटारांतून वाहत गेला, पेटला, आणि सुमारे १३० माणसे प्राणास मुकली. साध्या पोलादाला कडाक्याची थंडी लागली की ते काचेसारखे ठिसूळ होते, हा धडा त्या दिवशी मोठ्या किमतीने मिळाला. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ या मार्गाने जाण्यास फारसे कोणी धजले नाही.

पुढे एका जुन्या मालवाहू बोटीत अल्युमिनियमच्या टाक्या बसवून आणि त्यांच्याभोवती बाल्सा या हलक्या लाकडाचे अस्तर घालून ‘मिथेन पायोनियर’ नावाचे जहाज तयार करण्यात आले. फेब्रुवारी १९५९ मध्ये ते अमेरिकेतील लुइझियानाहून अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटावर पोचले. पोटात माल होता अवघा पाच हजार घनमीटर. पण तो सुखरूप पोचला, आणि १९६४ मध्ये ‘मिथेन प्रिन्सेस’ व ‘मिथेन प्रोग्रेस’ ही खास बांधलेली दोन जहाजे अल्जीरियातील आर्झ्यूहून त्याच बेटाकडे नियमाने ये-जा करू लागली. या व्यापाराचे वय तेव्हापासून मोजतात.

आता आपल्या देशाचे जहाज पाहू. त्याचे नाव ‘दिशा’. दक्षिण कोरियातील ओक्पो येथे ते बांधले गेले आणि जानेवारी २००४ च्या अखेरीस कतारमधील रास लाफान बंदरातून पहिला माल घेऊन ते गुजरातेतील भरूच जिल्ह्यात दहेजच्या धक्क्याला लागले. भारतात द्रवरूप नैसर्गिक वायू प्रथमच आला तो असा. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘राही’, २००९ मध्ये ‘असीम’ आणि २०१६ मध्ये ‘प्राची’ अशी भावंडे त्याच्या पाठोपाठ आली. नावे ज्याने कोणी ठेवली त्याचे मला कौतुक वाटते. यंत्रांना अशी सुटसुटीत आणि घरगुती नावे क्वचितच लाभतात. जपानी कंपन्यांच्या भागीदारीत बांधलेल्या या जहाजांच्या देखभालीतून हे नाजूक तंत्र भारतीय नौवहन निगमाच्या माणसांनी आत्मसात केले.

‘दिशा’ची लांबी सुमारे २७७ मीटर, म्हणजे नऊशे फुटांवर. रुंदी ४३ मीटर. पोटात एकामागे एक चार टाक्या आणि त्यांत मिळून १ लाख ३८ हजार घनमीटर द्रव मावतो. वजनात सांगावयाचे तर साठ हजार टनांच्या आसपास. त्याचा पुन्हा वायू केला की तो आठ कोटी घनमीटर होतो. एका कुटुंबाला स्वयंपाकासाठी महिन्याला पंधरा घनमीटर वायू लागतो असे धरले, तर जहाजाच्या एका फेरीत पन्नास लाखांहून अधिक कुटुंबांची महिनाभराची चूल आली. अर्थात प्रत्यक्षात तो सगळा चुलीकडे जात नाही. त्याचा मोठा वाटा युरिया बनविणाऱ्या खतकारखान्यांकडे, वीजकेंद्रांकडे आणि इतर उद्योगांकडे वळतो. आपल्या शेगडीवर नसला तरी आपल्या ताटातल्या भातात तो असतोच.

या चार टाक्यांची आतली भिंत किती जाड असेल? एवढा माल, एवढी थंडी, वर समुद्राचे हेलकावे, तेव्हा निदान हातभर तरी हवी, असे वाटणे साहजिक आहे. ती एक मिलिमीटरही नसते. ०.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे ते केवळ अस्तर आहे. मालाचे ओझे ते पेलत नाही. ओझे पेलते जहाजाचे बाहेरचे पोलादी अंग. मधल्या जागेत प्लायवुडच्या हजारो पेट्या असतात आणि त्यांत पर्लाइट नावाची, फुगविलेल्या खनिजाची भुकटी भरलेली असते. मग पुन्हा तसाच पत्रा, पुन्हा तशाच पेट्या. अस्तर दुहेरी अशासाठी की आतले फाटले तर बाहेरच्याने माल धरून ठेवावा. दोन्ही अस्तरांच्या मागील पोकळीत नायट्रोजन खेळता ठेवतात आणि त्यात वायूचा अंश उतरला का, हे यंत्रे सतत हुंगत असतात.

पत्रा पातळ असला तरी धातू साधा नव्हे. त्याचे नाव इन्व्हार. लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळून तो बनतो. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने तो १८९६ मध्ये शोधून काढला. वजने-मापे यांच्या शुद्धतेसाठी न आखडणारी, न प्रसरण पावणारी मोजपट्टी त्याला हवी होती. १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्याला याच कामासाठी मिळाले. थंडीत आखडणारे स्टेनलेस पोलाद चाळीस मीटर लांबीच्या टाकीत वापरले तर ते सुमारे दहा सेंटिमीटर आक्रसेल आणि सांधे तुटू पाहतील. इन्व्हार जेमतेम सेंटिमीटरभर आक्रसतो. मोजपट्टीसाठी केलेला धातू पुढे जहाजाच्या पोटात कामाला यावा, हे गियोमच्या स्वप्नीही नसेल.

आता एका फेरीत काय घडते ते क्रमाने पाहू. रास लाफानच्या धक्क्यावर जहाज लागले की किनाऱ्यावरचे लांब सांधेदार नळ, हत्तीच्या सोंडांसारखे खाली वाकून, जहाजाच्या मुखांना जोडले जातात. ते प्रथम सावकाश थंड करावयाचे. एकदम थंड द्रव सोडला तर सांधे तडकतील. घटकाभरात बाहेरच्या दमट हवेतले बाष्प नळांवर गोठते आणि कतारच्या उन्हात पांढरेशुभ्र हिम धरलेले ते नळ धुराळत उभे असतात. जहाजाच्या कुशीवरून त्या वेळी पाण्याचा पडदा सारखा सोडलेला असतो. चुकून थंड द्रवाचे चार शिंतोडे उडालेच तर ते उघड्या पोलादावर न पडता पाण्यात विरावेत म्हणून ही योजना. तासाला दहा-बारा हजार घनमीटर या वेगाने माल चढतो. टाकीत द्रव शिरू लागला की आतली वाफ वर ढकलली जाते. ती दुसऱ्या नळाने किनाऱ्याकडे परत जाते. हवेत काही सोडावयाचे नाही आणि हवा आत घ्यावयाची नाही, हा या साऱ्या व्यवहाराचा पहिला नियम.

माल किती चढला हे कसे ठरवितात, तेही ऐकण्याजोगे आहे. येथे शेर, मण किंवा टन विकावयाचे नसतात. विकावयाची असते उष्णता. म्हणून माल चढविण्यापूर्वी आणि चढविल्यानंतर प्रत्येक टाकीतील द्रवाची उंची, तापमान, वाफेचा दाब आणि वायूचे घटक मोजतात, आणि त्यावरून जळल्यावर किती उष्णता मिळेल याचा हिशेब दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी समोरासमोर बसून मांडतात. आपण वाण्याकडे लाकडे वजनावर घेतो. ती किती तापतील याचा भाव अजून कोणी लावलेला नाही.

टाक्या जवळजवळ काठोकाठ भरतात. साधारण साडेअठ्ठ्याण्णव टक्के. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही आपली म्हण येथे अगदी शब्दशः खरी आहे. भरलेल्या टाकीतला द्रव शांत राहतो, तळाशी थोडा असला तरी हरकत नसते. परंतु अर्धीमुर्धी भरलेली टाकी समुद्रात हिंदकळू लागली की आतल्या लाटा त्या पातळ अस्तरावर हातोड्यासारख्या आदळतात. म्हणून खोल समुद्रात जाताना टाकी एक तर भरलेली असावी, नाही तर रिकामी व्हावयास आलेली असावी. मधली स्थिती नियमानेच वर्ज्य आहे. अर्धा माल घेऊन वादळाला भिऊन पळून जाणे या जहाजाला जमत नाही.

मग होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून अरबी समुद्रात तीन-चार दिवसांची वाट. मघाशी म्हटलेल्या वाफेचा उपयोग येथे होतो. दिवसाकाठी मालाचा सुमारे शेकडा ०.१५ भाग उकळून जातो. ‘दिशा’सारख्या जहाजावर म्हणजे रोज दोनशे घनमीटर द्रव. ही वाफ नळाने बॉयलरकडे नेतात, तेथे ती जळते, तिने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर चाललेली टर्बाइने जहाजाचा पंखा फिरवितात. जहाज आपल्याच मालाच्या उच्छ्वासावर चालते. वायूचा नळ यंत्रशाळेत जातो तो दुसऱ्या नळाच्या आतून. दोहोंमधील जागेतून हवा सतत ओढून घेतात आणि तिच्यात वायूचा लेश आढळला की झडपा आपोआप मिटतात. बंदर मोकळे नसल्यामुळे जहाजाला नांगर टाकून थांबावे लागले तरी उकळणे थांबत नाही. अशा वेळी वायू जाळून वाफ करावयाची आणि ती काहीही काम न करवता तशीच थंड करून पुन्हा पाणी करावयाचे, एवढेच हाती राहते. मुंबईच्या बाहेर दोन दिवस खोळंबलेल्या धान्याच्या बोटीचे फारसे बिघडत नाही. हिचा एकेक तास जळून जातो.

दहेजला पोचल्यावर सत्त्वपरीक्षा असते ती समुद्राची. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी मोठी विकट. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढते. दहेजला ते आठ-नऊ मीटरांपर्यंत जाते, आणि त्याबरोबर प्रवाहाची ओढही. गढूळ पाण्यातून वाट काढीत, स्थानिक पायलटाच्या सल्ल्याने आणि ओढबोटींच्या मदतीने नऊशे फुटांचे ते धूड समुद्रात दूरवर काढलेल्या धक्क्याला लावावयाचे. मग पुन्हा सोंडा, पुन्हा पाण्याचा पडदा. माल उपसणारे पंप टाकीच्या तळाशी, द्रवातच बुडालेले असतात आणि त्यांच्या विजेच्या मोटारीही तेथेच. वायूमध्ये विजेची मोटार, हे ऐकून अंगावर काटा येईल. पण जळावयाला प्राणवायू लागतो, आणि टाकीत त्याचा कणही नसतो. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ असेल तरच ठिणगीने तो पेटतो. त्याहून कमी असला तरी नाही आणि जास्त असला तरीही नाही. ज्याला आपण सुरुंग म्हणतो आहोत त्याच्या आत काडी टाकली तरी ती विझेल.

माल उतरला तरी सगळा उतरवीत नाहीत. तळाशी थोडा राखून ठेवतात. परतीच्या वाटेवर तो अधूनमधून टाकीत फवारून टाकी थंड ठेवावयाची, म्हणजे कतारला पोचताच पुन्हा भरता येते. विरजणासाठी वाटीभर दही बाजूला ठेवणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आपल्या किनाऱ्यावरही, रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला, असेच बंदर आहे. ते २०१३ मध्ये सुरू झाले खरे, परंतु लाटा अडविणारा बांध पुरा नसल्यामुळे पुढे कित्येक वर्षे पावसाळ्याचे चार महिने तेथे जहाज लागू शकत नव्हते. कोकणच्या पावसाळी समुद्राशी ज्यांचा परिचय आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. एवढा खर्च करून उभारलेले बंदर वर्षाचा तिसरा हिस्सा निष्क्रिय राहावे, हे मात्र मनाला लागून राहते.

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे. या जहाजावर पंचवीस-तीस माणसे असतात. कप्तान, त्याचे अधिकारी, यंत्रशाळेतील अभियंते, मालाची यंत्रणा पाहणारा खास गॅस-अभियंता, बोसन, खलाशी आणि भंडारी. जुन्या बोटींवर बोसनला सारंग म्हणत. कोकणातल्या घरांत तो शब्द अजून ऐकू येतो. चार तास पहारा, आठ तास मोकळे, असा पहाऱ्याचा क्रम. विश्रांती दिवसाला किमान दहा तास मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अधिकारी साधारण तीन-चार महिन्यांनी घरी येतात, खलाशांना सहा ते नऊ महिने लागतात. वायूच्या जहाजावर चढण्यापूर्वी प्रत्येकाला त्या कामाचे स्वतंत्र शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. म्हणजे आपला मुलगा शिकून गेल्यावाचून तेथे पाऊल ठेवू शकणार नाही, एवढी खात्री बाळगावी.

आणि सुरुंगाविषयी म्हणाल, तर १९७९ च्या जूनमध्ये जिब्राल्टरजवळ ‘एल पासो पॉल कायझर’ नावाचे असेच भरलेले जहाज पूर्ण वेगात खडकावर चढले. तळाचे पोलाद फाटले, टाक्यांचे अस्तर आत दबले, परंतु सुमारे एक लाख घनमीटर मालापैकी काहीही सांडले नाही. पुढे तो सगळा दुसऱ्या जहाजात उतरवून घेण्यात आला. १९६४ पासूनच्या पहिल्या साठ वर्षांत मालाची टाकी फुटून समुद्रावर मोठी मनुष्यहानी झाली, असे घडलेले नाही. तेव्हा शेजाऱ्यांची भीती चुकीच्या जागी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु भीतीला जागाच नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे ही आपली फसवणूक होईल. जहाजांवर माणसे दगावतात ती बहुधा आगीने नव्हे, तर बंद जागेत. जी पोकळी नायट्रोजनने भरलेली आहे, किंवा जिच्यातला प्राणवायू गंजाने खाऊन टाकला आहे, तिच्यात माणूस शिरला की दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. वास येत नाही, खोकला येत नाही, घुसमट जाणवत नाही. आणि मग वर उभा असलेला सोबती त्याला पडलेला पाहून, काही न मोजता, तसाच आत उडी घेतो. अशा अपघातांत पुष्कळदा दोन किंवा तीन मृतदेह निघतात ते याच मायेपोटी. आपल्या घरातल्या वायूला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो; जहाजावरच्या द्रवाला तो नसतो. तेथे नाकाचा भरवसा धरावयाचा नाही, हवा मोजणाऱ्या यंत्राचाच धरावयाचा. मुलाला निरोप देताना दह्याबरोबर एवढे एक वाक्य त्याच्या हातावर ठेवावे: मित्र पडलेला दिसला तरी आधी धोक्याची घंटा, मग श्वसनयंत्र, आणि मगच पाऊल.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. धक्क्यावर जहाज जेमतेम एक दिवस थांबते. शहर दूर, उतरावयास सवड नाही. रात्री किनाऱ्याचे दिवे दिसतात एवढेच. २०२० च्या साथीत तर जगातले सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही बोटींवर अडकून पडले होते. त्या काळात ज्यांच्या घरी बोटीवरचा माणूस होता त्यांना ते दिवस विसरता येणार नाहीत. आखातात युद्धाचे ढग जमले, जसे २०२५ च्या जूनमध्ये जमले होते, की होर्मुझचे नाव घरोघर ऐकू येते आणि आईचे लक्ष बातम्यांकडे लागते. यावर माझ्यापाशी उपाय नाही. डेकवर मोबाइल नेता येत नाही, तेव्हा माल चढत-उतरत असताना फोन लागला नाही तर काळजी करू नये, हे मात्र सांगून ठेवतो.

जहाजालाही आजारपण आणि म्हातारपण असते. काही वर्षांनी त्याला दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत नेतात. त्यापूर्वी टाक्या रिकाम्या करून उबवावयाच्या, त्यांत निष्क्रिय वायू भरावयाचा आणि मग कोठे हवा. परत कामावर येताना हाच क्रम उलटा. त्यात एक गंमत आहे. निष्क्रिय वायूत कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो उणे ७८ अंशांच्या सुमारास गोठतो. तो टाकीत राहू दिला तर थंडी चढताच त्याचे बर्फासारखे खडे होऊन नळ व पंप तुंबतील. म्हणून आधी उबदार मिथेन सोडून तो हुसकून लावावयाचा आणि नंतरच थंड फवारा सुरू करावयाचा. अंघोळीनंतर अंग पुसल्यावाचून सोवळे नेसत नाहीत, तसेच हे.

‘दिशा’च्या जन्माच्या सुमारासच वाफेच्या टर्बाइनांचे दिवस भरत आले होते. नंतरच्या जहाजांवर वायू आणि तेल दोन्ही जाळणारी इंजिने आली. ती कमी जळणात अधिक चालतात आणि पावणेदोन लाख घनमीटर माल नेतात. जुन्या जहाजांना त्यांच्यापुढे टिकाव धरणे अवघड होत गेले. तथापि नव्या इंजिनांतील काहींमधून न जळलेला थोडा मिथेन धुराड्यावाटे निसटतो, आणि तो हवा तापविण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी दांडगा. जुना बॉयलर जळण जास्त खाई, पण ताटात फारसे टाकीत नसे.

काही म्हाताऱ्या जहाजांना दुसरा जन्म मिळतो. नॉर्वेत १९७५ मध्ये बांधलेले ‘हिल्ली’ नावाचे जहाज सिंगापुरात फेरबांधणी होऊन २०१८ पासून आफ्रिकेतील कॅमेरूनच्या किनाऱ्यापाशी वायू द्रव करण्याचा तरंगता कारखाना बनून राहिले. सर्वांचे नशीब तसे नसते. दहेज आखाताच्या पूर्व काठावर, तर पश्चिम काठावर भावनगरजवळ अलंग. जी उधाणाची भरती दहेजला पायलटांची झोप उडविते, तिच्याच पाठीवर बसून जगभरची थकलेली जहाजे अलंगच्या चिखलात येऊन टेकतात आणि तेथे तोडली जातात. वायुवाहू जहाजांतील इन्व्हारच्या पत्र्याला, त्यातल्या निकेलमुळे, भंगाराच्या बाजारात चांगला भाव येतो. तो काढण्यासाठी टाकीत माणसाला उतरावे लागते. जेथे वर्षानुवर्षे उणे १६२ अंशांचा द्रव होता तेथे आता गुजरातेतला उन्हाळा असतो. झाकण उघडल्यावर माणसाच्या आधी एक लांब नळी आत सोडतात, वर, मध्ये आणि तळाशी. तिच्यातून हवा ओढून काट्याकडे पाहतात. प्राणवायू शेकडा २०.९ दाखविला, तरच पहिला कामगार शिडीवर पाय ठेवतो.